बिनखुणेच्या गाड्या

आमच्या गावात नवखा माणूस आला की हमखास गोंधळायचा. चपलांच्या दुकानावर नव्या मालकाचं नाव ठळक अक्षरांत, आणि त्याला खेटूनच जुन्या मालकाचंही नाव, तितकंच ठणठणीत. दवाखान्याच्या दाराशी दोन डॉक्टर, आणि त्यातले एक केव्हाच गाव सोडून मुलीकडे राहायला गेलेले. यात गूढ काही नव्हतं. गावात पाट्या रंगवणारा धड माणूस एकच होता, तो म्हणजे माझा मामा, आणि त्याचा हट्ट असा की आधी नवं लिहायचं, ते पूर्ण वाळू द्यायचं आणि मगच जुन्याला हात लावायचा. नवं लिहायला जागा हवी तर आधी जुनं पुसावं लागतं, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मामा त्यासाठी जुन्या पाटीच्या शेजारी एक जादा फळी ठोकायचा. ती फळी, ते खिळे, तो वेळ, सगळं पदरचं.

"अहो पेंटर, दोन दिवस पाटी कोरी राहिली तर आभाळ कोसळणार आहे का?" चपलावाल्याने एकदा वैतागून विचारलं होतं.

"कोसळतं कधीकधी," मामा म्हणाला आणि फळी ठोकत राहिला.

चपलावाला हसला. तो बाहेरून येऊन इथे स्थायिक झालेला, त्याला काय ठाऊक. मी शिडी धरून उभी होते, मला हसू आलं नाही. मामा असं काही बोलला की मला आधी त्याची दया यायची आणि लगेच त्याचा राग यायचा. इतकी वर्षं झाली, अजून किती दिवस कुढत बसणार हा माणूस, असं वाटायचं. राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. गाडी चालवायला शिकवण्याचा धंदा करते मी. क्लच आणि ब्रेक यांतला फरक दहाव्यांदा सांगताना जो आवाज निघतो, तोच माझा खरा आवाज.

मामा म्हणजे आईचा थोरला भाऊ. लग्न केलं नाही, वेगळं घर केलं नाही. बाबा गेले तेव्हा आमच्याकडे चार दिवसांसाठी म्हणून आला आणि मग राहिलाच. दरवर्षी घराच्या भिंती रंगवायचा, खिडक्या रंगवायचा, पाण्याच्या टाकीलासुद्धा रंग द्यायचा. जेवताना दुसऱ्यांदा काही मागायचा नाही. आईने वाढलं तर "पुरे, पुरे" म्हणून ताटावर हात आडवा धरायचा. मी लहान असताना मला वाटायचं की याला भूकच कमी. तो स्वतःला आमच्या घरात पोटभर जेवायच्या लायकीचा समजत नाही, हे मला फार उशिरा कळलं.

कारण साधं होतं. बाबा आपल्यामुळे गेले, असं मामाला वाटत होतं. आणि मला हेही सांगितलं पाहिजे की त्याला नुसतं वाटत नव्हतं. त्यात तथ्य होतं.

तेव्हा आमच्या भागात दोन गटांत लढाई जुंपलेली होती. नदीच्या अलीकडे एक, पलीकडे दुसरा, आणि मध्ये पूल. सरकार नावापुरतं. अशा वेळी आजूबाजूच्या देशांनी मिळून जो संघ केलेला आहे, त्याने आपली फौज पाठवली. जवळचीच माणसं, निम्म्याअधिक जणांची भाषा आमच्या भाषेला लागून. गावाने त्यांचं नाव ठेवलं धाकटे. कारण त्यांच्यावर आणखी एक मोठी संघटना होती, साऱ्या जगाची, शांतता राखणं हेच जिचं काम. ते थोरले. थोरले लांब राहायचे, क्वचित दिसायचे. एखाद्या मोठ्या गाडीतून येऊन, काही विचारून, वहीत टिपून निघून जायचे.

या दोघांचं नातं काय, हे आम्हाला शाळेत नंतर शिकवलं. शेजारच्या भांडणात शेजाऱ्यांनी आधी पडावं, समजूत घालावी, जमलं तर मिटवावं. पण जोर लावायची वेळ आली तर थोरल्यांना विचारल्याशिवाय हात उचलायचा नाही, आणि जे काही केलं ते त्यांच्या कानावर घालायचं. पुस्तकात हे सगळं एका परिच्छेदात मावलं होतं आणि परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न यायचा. मी तो प्रश्न दरवर्षी सोडून द्यायचे. बाई कधी ओरडल्या नाहीत.

धाकट्यांच्या गाड्या गडद हिरव्या, दारावर एक पिवळं वर्तुळ आणि त्यात हातात गुंफलेले हात. ते वर्तुळ दिसलं की दोन्ही काठांवरच्या बंदुका खाली व्हायच्या. हे काही कुणाच्या भलेपणामुळे नव्हे. धाकट्यांनी दोन्ही बाजूंना बसवून तसा करार करून घेतला होता, आणि त्यात एक कलम होतं की खूण नसलेली गाडी पुलावर आली तर ती शत्रूची समजली जाईल. त्यामुळे धाकट्यांचाही नियम कडक होता. बिनखुणेची गाडी आवाराबाहेर काढायची नाही.

मग कधीतरी ठरलं की आता धाकट्यांनी बाजूला व्हायचं आणि काम थोरल्यांनी हातात घ्यायचं. आता गंमत बघा. माणसं तीच राहणार होती. तेच शिपाई, तेच कॅप्टन, गाड्यासुद्धा त्याच. फक्त डोक्यावरची टोपी निळी होणार आणि गाडी हिरव्याची पांढरी, दारावर वर्तुळाऐवजी थोरल्यांची काळी अक्षरं. सही-शिक्क्यांचा समारंभ आठवड्याअखेरीला ठरला. गाड्या रंगवायचं काम गावातल्या पेंटरला मिळालं.

मामाला तेव्हा आभाळ ठेंगणं झालं होतं. आई सांगते, तो रोज संध्याकाळी येऊन फक्त पांढऱ्या रंगाबद्दल बोलायचा. पांढरा म्हणजे एक रंग नव्हे, म्हणायचा. प्रत्येक डब्यातला पांढरा वेगळा, एकात पिवळट झाक, एकात निळसर. दोन वेगवेगळ्या दिवशी कालवलेले दोन पांढरे एका ओळीत उभे केले की आंधळ्यालाही फरक दिसेल. बाबा त्याची थट्टा करायचे. बाबा नदीपलीकडच्या पाण्याच्या पंपघरात पाळीवर असायचे. लढाई असो नसो, दोन्ही काठांना पाणी लागतंच, म्हणून पंपघराच्या माणसांना दोन्ही बाजूंनी सोडलं होतं.

"साळेबुवा," बाबा मामाला म्हणायचे, "गाड्यांवर गोळ्या झाडणारे आधी पांढऱ्याची झाक बघणार आहेत का?"

"तुम्ही पाणी सोडा, भावजी. रंगातलं तुम्हाला काय कळतंय?"

कॅप्टनने मामाला बजावून सांगितलं होतं की गाड्या दोन-दोन घ्यायच्या. दोन पूर्ण होऊन, नवी अक्षरं वाळून, फडक्याखाली झाकून बाहेर उभ्या राहिल्या की मग पुढच्या दोन. बाकीच्या तोवर हिरव्याच, खुणेसकट, कामावर. समारंभाच्या दिवशी फडकी काढायची. साधा, शहाणा हुकूम होता.

मामाने तो मोडला. कॅप्टन समारंभाच्या तालमीसाठी पहाटेच जिल्ह्याच्या ठिकाणी गेलेले, रंग फवारायचा कॉम्प्रेसर त्या दिवशी नीट चालत होता, ऊन खणखणीत पडलेलं. त्याने सगळा पांढरा एका पिंपात एकदम कालवला, म्हणजे झाक एकच येईल. आणि एका पिंपातला रंग एका दिवसात मारायचा तर गाड्याही एकदम तयार हव्यात. म्हणून सकाळी त्याने पॉलिश पेपर घेऊन सगळ्या गाड्यांच्या दारांवरची वर्तुळं घासून काढली. मग अस्तर. मग पांढऱ्याचा पहिला हात. पहाऱ्यावरच्या शिपायाने विचारलं तर म्हणाला, "साहेबांना माहीत आहे." ते तीन शब्द मामाला आयुष्यभर पुरले.

दुपार होण्याआधीच पलीकडच्या काठावर गोळीबार सुरू झाला. पंपघर बरोबर मध्ये सापडलं. बाबांनी फोन केला की आम्ही चौघं आत आहोत, गाडी पाठवा. अशा वेळी एरवी काय व्हायचं हे सगळ्यांना पाठ होतं. हिरवी गाडी पुलावरून हळू जायची, माणसं बसवायची, हळू परत यायची. जिल्ह्याहून नुकतेच परतलेले कॅप्टन धावत आवारात आले आणि थबकले. समोर सगळ्या गाड्या ओल्या पांढऱ्या, आणि एकीच्याही दारावर काही नाही.

मामा सांगतो, कॅप्टन ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं, म्हणतो.

"पेंटर, एका गाडीवर खूण काढा. पटकन."

मामाने ब्रश उचलला. "काय लिहू?" त्याने विचारलं.

आणि या प्रश्नाला उत्तर येईना. वर्तुळ पुसलेलं नसतं तर कुणी काही विचारलंच नसतं, समारंभापर्यंत ते चालणारच होतं. पण पुसलेलं पुन्हा काढायचं म्हणजे हुकूम हवा. कॅप्टनने आपल्या मुख्यालयाला फोन लावला. धाकटे म्हणाले, काम सोपवायचा ठराव झालेला आहे, आता आमची खूण नव्याने लावता येणार नाही, थोरल्यांना विचारा. थोरल्यांना फोन लावला. ते म्हणाले, सही होईपर्यंत जबाबदारी धाकट्यांची, आमची अक्षरं आज लावता येणार नाहीत, त्यांना विचारा. मग पुन्हा धाकटे. दोघेही अगदी सभ्यपणे बोलत होते. घराच्या वाटणीत आजारी म्हाताऱ्याला कुणी न्यायचं यावरून भाऊ एकमेकांना "नाही नाही, मान तुमचा" म्हणतात ना, तसं चाललं होतं. आणि माझा मामा गाडीच्या दाराशी भरलेला ब्रश धरून उभा होता. ब्रशवरचा काळा रंग त्याच्या मनगटावर ओघळला. हातात रंग होता, समोर दार होतं, वर्तुळ तो डोळे मिटून काढू शकला असता. पण तो हुकुमाची वाट बघत राहिला. सकाळी हुकूम मोडायला त्याला कुणाला विचारावं लागलं नव्हतं, आणि दुपारी पाळायचा म्हणून तो पुतळा झाला.

शेवटी कॅप्टनने फोन आपटला आणि म्हणाले, "जुनंच काढा. माझ्या नावावर." मामाने पिवळं वर्तुळ काढलं. खालचा पांढरा ओला होता, त्यामुळे पिवळा फाकला, हात विस्कटले. तशीच गाडी निघाली. कुणीही गोळी झाडली नाही. फाकलेल्या खुणेलाही दोन्ही काठांनी मान दिला.

पण तोवर पंपघराच्या छपराने पेट घेतला होता आणि आतली माणसं पुलावर पायी निघाली होती. तिघं पोचले. बाबा मागे राहिले होते, मुख्य झडप बंद करायला, नाहीतर खालच्या वस्तीत पाणी घुसलं असतं. गाडी त्यांच्यापर्यंत गेली तेव्हा ते गोळी लागून पुलाच्या कठड्याला टेकून बसलेले होते आणि गेलेले होते. मी तेव्हा शाळेत जाऊ लागले होते. मला आठवतं ते एवढंच की मामा घरी आला तेव्हा त्याच्या हातावर पिवळा, पांढरा आणि काळा असे तीन रंग होते आणि आई त्याला म्हणाली, "दादा, आधी हात धू."

पुढे चौकशी झाली. धाकट्यांनी एक समिती नेमली, थोरल्यांनी दुसरी. दोघांनी मिळून एक जाड अहवाल काढला आणि त्यात म्हटलं की समन्वयाचा अभाव होता. मी तो वाचला आहे. त्यात प्रत्येक फोनची वेळेसकट नोंद आहे, ठरावांची कलमं आहेत, पण गाड्या कुणी खरवडल्या हे कुठेच नाही. "रंगकामामुळे गाड्या उपलब्ध नव्हत्या," एवढंच. समितीपुढे कॅप्टन बोलले, शिपाई बोलले, पेंटरला कुणी बोलावलंच नाही.

तेव्हा मामा स्वतः गेला. आधी धाकट्यांच्या कचेरीत. तिथल्या अधिकाऱ्याने त्याला खुर्ची दिली, चहा दिला, सगळं ऐकलं आणि म्हणाला, "काका, मनाला लावून घेऊ नका. त्या वेळी काम तत्त्वतः थोरल्यांकडे गेलेलं होतं. त्यांना सांगा हवं तर." मामा थोरल्यांकडे गेला. तिथल्या बाईंनी पाणी दिलं, ऐकलं, डोळे पुसले, आणि म्हणाल्या, "सही झाली नव्हती ना? तो विषय आमच्याकडे येतच नाही." चूक कबूल करायला गेलेल्या माणसाला दोन्ही दारांनी निरोपाचे नमस्कार केले. मला हे आठवलं की आजही अंगाचा तिळपापड होतो. बाबांना नेण्यासाठी गाडी द्यायची तेव्हा हेच चाललं होतं, आणि दोष घ्यायची वेळ आली तरी तेच.

कॅप्टनची बढती अडली आणि ते आपल्या देशात परत गेले. मामाने कुठूनतरी नंबर मिळवून त्यांना फोन केला. ते म्हणाले, "गाड्या माझ्या होत्या, पेंटर. नजर ठेवायचं काम माझं होतं. तुम्ही रंग द्या, सुखाने राहा." त्या दिवशी मामा जेवला नाही.

मी गाडी शिकवण्याची शाळा काढली तेव्हा माझ्या गाडीच्या दारावर 'शिकाऊ चालक' लिहिताना त्याने मला हे सगळं सांगितलं. दोन-दोनचा हुकूम, पिंप, "साहेबांना माहीत आहे", सगळं. मी काय म्हणणार? मी त्याच्याच खांद्यावर बसून मोठी झालेली. मी म्हटलं, "जाऊ दे मामा, तुझा हेतू थोडाच वाईट होता." त्याने माझ्याकडे असं पाहिलं की कचेरीतल्या त्या बाईत आणि माझ्यात मला काही फरक वाटेना.

म्हणजे सगळ्यांना सांगून झालं होतं. एक आई सोडून. गाड्यांना खूण नव्हती हे आईला माहीत होतं, ते गावाला माहीत होतं. पण ती कुणी आणि कशी पुसली, हुकूम काय होता, हे तिला ठाऊक नव्हतं. तिला वाटायचं की धाकट्या-थोरल्यांनी घोळ घातला. आणि मामाची तिला सांगायची छाती होत नव्हती. मी एकदा खोदून विचारलं.

"सांगून टाक ना. किती वर्षं जिवाला खातोस?"

"तिने घराबाहेर काढलं तर?"

"काढणार नाही ती."

"आणि 'असू दे दादा' म्हणाली तर?" मामा ब्रश पिळत म्हणाला. "ते कसं सोसू?"

घरात एकच वस्तू होती जिला मामाने कधी हात लावला नाही. ती म्हणजे दारावरची पाटी. बाबा-आई नवीन राहायला आले तेव्हा मामानेच हौसेने ती केलेली, निळ्यावर पांढरी अक्षरं, बाबांचं नाव. चौकट रंगवायचा, दार रंगवायचा, आणि पाटीभोवती कागद चिकटवून तिला तशीच सोडायचा. ऊन खाऊन अक्षरं इतकी उडाली होती की पोस्टमन शेजारी चौकशी करायचा. गावभर पाट्या करणाऱ्याच्या घरावर वाचता येईल अशी पाटी नाही, म्हणून लोक टोमणे मारायचे.

गेल्या वर्षी, सकाळच्या वेळी, दारात एक मोठी गाडी उभी राहिली. थोरल्यांच्या कचेरीतली एक तरुण अधिकारी आली होती, हसरी, बडबडी. धाकटे आणि थोरले यांच्या सहकार्याचा काही मोठा वर्धापनदिन होता. त्या निमित्ताने कचेरीपुढे त्या वेळची एक जुनी गाडी चौथऱ्यावर ठेवायची होती. अर्धी हिरवी, वर्तुळासकट. अर्धी पांढरी, अक्षरांसकट. एकाने दुसऱ्याच्या हाती काम कसं सोपवलं, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसावं.

"आणि आम्हाला कळलं की त्या गाड्या रंगवणारे पेंटर इथेच राहतात," ती म्हणाली. "काका, तुमच्याच हातून व्हावं असं आमच्या सगळ्यांच्या मनात आहे."

आई भाजी निवडत बसली होती. मी गाडीची किल्ली शोधत होते. मामा खिडकीच्या चौकटीच्या भेगांत लांबी भरत होता. त्याने लांबीचा पत्रा हळूच खाली ठेवला.

"ती गाडी तशी नव्हती," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"अर्धी-अर्धी नव्हती. त्या दिवशी तिच्यावर काहीच नव्हतं. ना हे, ना ते. मी पुसलं होतं."

मग तो तिच्याशी बोलायचाच थांबला. आईकडे वळला आणि उभ्याउभ्या सगळं बोलून मोकळा झाला. दोन-दोनचा हुकूम. एक पिंप. एकच पांढरा हवा होता म्हणून. शिपायाला काय सांगितलं ते. ब्रश हातात धरून कसा उभा राहिला ते. काही झाकलं नाही, काही सावरलं नाही. "भावजी माझ्या हौसेपायी गेले," म्हणाला. मी किल्ली मुठीत घट्ट धरून उभी होते. मला भीती वाटत होती, आणि लाजही, की इतकी वर्षं मला माहीत असून मी आईपुढे गप्प राहिले.

ती पोरगी पुरती गोंधळली. तिने दोन्ही हात पुढे केले. "काका, नाही हो, असं नका म्हणू. चौकशीत स्पष्ट झालंय की यात तुमचा काही दोष नाही. तो समन्वयाचा..."

"तू थांब गं जरा," आई म्हणाली.

आईने मांडीवरची भाजी बाजूला केली, हात पदराला पुसले. मग ती मामाकडे वळली. तिचा चेहरा बघवेना, म्हणून मी तिच्या हातांकडे बघत राहिले.

"चुकलं तुझं, दादा," आई म्हणाली. "फार चुकलं."

मामा तिच्या समोर येऊन उभा राहिला.

"दोन-दोन करायला सांगितलं होतं तर दोन-दोन करायच्या होत्या. ते आले असते घरी. कुरकुरत आले असते, जेवायला बसले असते." तिचा आवाज फाटला. "आणि तू मला हे आत्ता सांगतोस? मी त्या दोघांना रोज शिव्याशाप देत होते आणि तू माझ्या समोर बसून ऐकत होतास?"

"हो," मामा म्हणाला.

"चुकलं तुझं."

"हो."

मामा भिंतीला पाठ लावून खाली बसला आणि रडायला लागला. मी त्याला कधी रडताना पाहिलं नव्हतं, बाबांच्या वेळीही नाही. अधिकारी झालेली ती पोरगी माझ्याकडे बघत होती, यांना थांबवा ना, अशी. मी थांबवलं नाही. मला त्या क्षणी कळलं की या माणसाला इतकी वर्षं नेमकं काय हवं होतं, आणि ते द्यायची ताकद ना दोन कचेऱ्यांत होती, ना कॅप्टनमध्ये, ना माझ्यात. आम्ही सगळ्यांनी त्याला माफ करून वाऱ्यावर सोडलं होतं. आईने त्याची चूक त्याच्या हातात दिली.

ती पोरगी नंतर निघून गेली. गाडीचं काम मामाने घेतलं नाही, ते कुणीतरी बाहेरच्याने केलं. दोन्ही अर्ध्यांची झाक ठीक आहे म्हणतात, मी बघायला गेले नाही.

त्यानंतर आई त्याच्याशी धड बोलेना. ताट पुढे ठेवायची आणि आत जायची. मामाने आपली पेटी आवरून दाराशी ठेवली. रोज सकाळी ती पेटी तिथे असायची आणि रोज आई तिला वळसा घालून अंगण झाडायची. मी दोघांवर चिडले, पण मध्ये पडले नाही. मध्ये पडणाऱ्यांचं काय होतं ते आम्ही पाहिलेलं होतं.

मग एका सकाळी आईने दाराची पाटी खिळे काढून खाली घेतली आणि मामाच्या पेटीवर आणून ठेवली. निळा पत्रा, त्यावर नाव होतं की नव्हतं कळू नये इतकी फिकट अक्षरं.

"ही कर," ती म्हणाली.

मामाने पाटीवरून हात फिरवला. सवयीने शेजारी ठोकायला फळी शोधत होता. मग थांबला.

"काय लिहू?" त्याने विचारलं.

आईने क्षणाचाही वेळ लावला नाही.

"आधी त्यांचं नाव. खाली माझं." ती आत जायला वळली आणि दारातून म्हणाली, "जागा उरली तर तुझं."

मामाने माझ्याकडे पट्टी मागितली आणि पाटी मोजायला घेतली.